हृदयाच्या झडपेची दुसरी शस्त्रक्रिया : भीती, वस्तुस्थिती आणि पूर्वतयारी

हृदयाची झडप बदलण्याची शस्त्रक्रिया सुखरूप पार पडली, की रुग्ण आणि त्याचे कुटुंबीय सुटकेचा निःश्वास टाकतात. मोठे संकट टळले, आता पुन्हा या वाटेला जाणे नको, अशी त्यांची स्वाभाविक भावना असते. पुढची वर्षे नोकरी, संसार, मुलांची शिक्षणे यांत भरभर निघून जातात. मग एखाद्या वार्षिक तपासणीत डॉक्टर सांगतात, की बसवलेली झडप आता नीट काम करीत नाही. ती पुन्हा बदलावी लागेल. हे ऐकताच मनात दोन प्रश्न एकदमच उभे राहतात. पहिल्या वेळी काही चुकले होते का? आणि पुन्हा छाती उघडायची म्हणजे त्यातून आपण वाचू ना?

या दोन प्रश्नांची उत्तरे समजून घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. थोडक्यात सांगायचे तर बहुतेक वेळा पहिल्या शस्त्रक्रियेत काहीही चुकलेले नसते. कृत्रिम झडपेलाही मुदत असते. दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अवघड असते हे खरे. परंतु ती वेळेवर, ठरवून केली की रुग्ण अत्यवस्थ झाल्यावर धावपळीत केली, यावर तिचे यशापयश फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. म्हणूनच हा विषय ज्यांच्या घरी एखादी व्यक्ती कृत्रिम झडप घेऊन जगत आहे, अशा सर्वांनी आधीच समजून घ्यावा असा आहे.

झडपांचे काम

हृदयात चार कप्पे आणि चार झडपा असतात. रक्त एकाच दिशेने पुढे जावे, मागे परतू नये, एवढेच या झडपांचे काम. परंतु ते किती अखंड चालते पाहा. हृदयाचे ठोके मिनिटाला ७२ धरले, तर दिवसाला एक लाखाहून अधिक ठोके होतात आणि प्रत्येक ठोक्याला प्रत्येक झडप एकदा उघडते आणि एकदा मिटते. पंधरा वर्षांत ही संख्या पन्नास कोटींच्या पुढे जाते. माणसाने तयार केलेली कोणतीही वस्तू इतक्या वेळा हलली, तर ती झिजणारच, हे सांगायला वैद्यकशास्त्राची गरज नाही.

चार झडपांपैकी डाव्या बाजूच्या दोन झडपा अधिक वेळा बिघडतात. डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या झडपेला मायट्रल झडप, तर हृदयातून शरीराकडे जाणाऱ्या महाधमनीच्या मुखाशी असलेल्या झडपेला एओर्टिक झडप म्हणतात. आपल्या देशात झडपा बिघडण्याचे एक मोठे कारण म्हणजे बालपणी होणारा संधिज्वर. साधारणतः पाच ते पंधरा वर्षांच्या वयात विशिष्ट जंतूंमुळे घसा दुखतो, त्यातून ताप आणि सांधेदुखी उद्भवते. सांधे बरे होतात, पण झडपांवर कायमचा व्रण राहतो. त्यामुळे पाश्चात्त्य देशांत झडपेचे रुग्ण बहुधा वृद्ध असतात, तर आपल्याकडे विशी-तिशीतील तरुण-तरुणींची झडप बदलावी लागते. ज्याची झडप पंचविसाव्या वर्षी बदलली, त्याच्यापुढे अजून चाळीस-पन्नास वर्षांचे आयुष्य असते. म्हणजेच पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचा प्रश्न आपल्या देशात अधिक लोकांना आणि अधिक लवकर भेडसावतो.

दोन प्रकारच्या झडपा, दोन प्रकारच्या अटी

नैसर्गिक झडपेच्या जागी कृत्रिम झडप बसवण्याच्या यशस्वी शस्त्रक्रिया १९६० साली अमेरिकेत झाल्या. डॉ. अल्बर्ट स्टार हे शल्यविशारद आणि लोवेल एडवर्ड्स हे अभियंता यांनी मिळून तयार केलेली झडप म्हणजे एका छोट्या पिंजऱ्यात वरखाली होणारा चेंडू होता. त्यानंतर तिरपी होणारी चकती आणि पुढे दोन पाळ्यांची झडप अशी सुधारणा होत गेली. या सर्व धातू, कार्बन वा प्लॅस्टिकसारख्या पदार्थांच्या झडपांना यांत्रिक झडपा म्हणतात.

यांत्रिक झडपेच्या इतिहासात भारताचेही मानाचे पान आहे. तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. मा. शं. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली अनेक वर्षांच्या प्रयत्नांतून 'चित्रा' झडप तयार झाली. सुरुवातीचे नमुने कसोटीला उतरले नाहीत; तरीही चिकाटी न सोडता नवे नमुने करण्यात आले, आणि ६ डिसेंबर १९९० रोजी ही झडप प्रथम एका रुग्णाच्या हृदयात बसवण्यात आली. आयात झडपा ज्यांच्या आवाक्याबाहेर होत्या, अशा असंख्य भारतीयांना तिने आधार दिला. डॉ. वलियाथन यांना २००५ साली पद्मविभूषण किताब मिळाला. २०२४ च्या जुलै महिन्यात त्यांचे निधन झाले.

दुसरा प्रकार जैविक झडपेचा. डुकराची झडप किंवा गायीच्या हृदयाभोवतीचे आवरण रासायनिक प्रक्रिया करून वापरले जाते. ही प्रक्रिया फ्रान्सचे डॉ. अलँ कार्पाँतिए यांनी १९६० च्या दशकात विकसित केली.

यांत्रिक झडप टिकाऊ असते. अनेकांना ती आयुष्यभर पुरते. परंतु तिच्यावर रक्ताची गुठळी धरण्याचा धोका असल्याने रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि 'आयएनआर' ही तपासणी वरचेवर करावी लागते. जैविक झडपेला अशी जन्मभराची गोळी सहसा लागत नाही, पण ती कालांतराने कडक होते वा फाटते. साधारणपणे दहा ते वीस वर्षे तिचे आयुष्य धरले जाते. रुग्ण जितका तरुण, तितकी ती लवकर खराब होते, हे विशेष लक्षात ठेवावे.

तरुण स्त्रियांच्या बाबतीत ही निवड अधिक नाजूक ठरते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या गर्भाला अपायकारक ठरू शकतात. म्हणून मातृत्वाची इच्छा असलेल्या अनेक तरुणी, पुढे पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागेल हे ठाऊक असूनही, डॉक्टरांच्या सल्ल्याने जैविक झडप स्वीकारतात. अशा स्त्रीच्या आयुष्यात पुढे दुसरी शस्त्रक्रिया आली, तर तिला अपयश म्हणणे अन्यायाचे होईल. तिने जाणूनबुजून स्वीकारलेल्या अटीची ती पूर्तता असते.

पुन्हा बदलण्याची कारणे

मुदत संपणे हे प्रमुख कारण झाले. परंतु इतरही काही कारणे असतात. यांत्रिक झडपेवर रक्ताची गुठळी धरून तिची हालचाल अडू शकते. गोळ्या अनियमित घेणे हे त्याचे नेहमीचे कारण. अशा वेळी काही रुग्णांत गुठळी विरघळवणाऱ्या औषधाने काम भागते, तर काहींना तातडीची शस्त्रक्रिया लागते. दुसरे कारण म्हणजे झडपेच्या कडेने शरीराच्याच पेशींचा थर हळूहळू आत वाढत जाणे. तिसरे, झडप जिथे शिवली आहे तिथून, म्हणजे कडेने, रक्त गळू लागणे. चौथे आणि सर्वांत गंभीर कारण म्हणजे झडपेला जंतुसंसर्ग होणे. पाचवे कारण असे, की बदललेली झडप उत्तम असते, पण दुसरीच एखादी नैसर्गिक झडप नंतर बिघडते. लहान मुलाला बसवलेली झडप त्याच्या वाढत्या शरीराला अपुरी पडते, हेही एक कारण आहे.

दोन परिचित उदाहरणे

चित्रपट अभिनेते आणि कॅलिफोर्निया राज्याचे माजी गव्हर्नर अर्नोल्ड श्वार्झनेगर यांच्या महाधमनीच्या झडपेत जन्मतःच दोष होता. १९९७ साली, वयाच्या पन्नाशीत, त्यांच्यावर पहिली शस्त्रक्रिया झाली. यांत्रिक झडपेऐवजी त्यांनी जैविक पर्याय स्वीकारला. त्यानंतर २००३ ते २०११ या काळात त्यांनी गव्हर्नरपद सांभाळले. मार्च २०१८ मध्ये, म्हणजे एकवीस वर्षांनी, १९९७ मध्ये बसवलेली फुप्फुसाकडील झडप बदलण्यासाठी त्यांची छाती पुन्हा उघडावी लागली. २०२० साली महाधमनीची झडपही बदलण्यात आली. त्यानंतरही ते कामावर परतले. शरीरसंपदेसाठी जगभर ओळखल्या जाणाऱ्या या माणसालाही झडपेची मुदत चुकवता आली नाही. परंतु प्रत्येक शस्त्रक्रियेने त्याला पुढची कर्तृत्वाची वर्षे दिली.

दुसरे उदाहरण आपल्या देशातले आहे. ते झडपेचे नाही, बायपासचे आहे. पण पुन्हा छाती उघडण्याविषयीची भीती कमी करणारे आहे. माजी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्यावर १९९० साली बायपास शस्त्रक्रिया झाली होती. जानेवारी २००९ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत मुंबईचे डॉ. रमाकांत पांडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील डॉक्टरांसमवेत त्यांच्यावर दुसऱ्यांदा बायपास शस्त्रक्रिया केली. तेव्हा ते ७६ वर्षांचे होते. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांनी पुन्हा पंतप्रधानपदाची शपथ घेतली. पुढे २०२४ साली, वयाच्या ९२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

दुसऱ्या वेळी वेगळे काय?

पहिल्या शस्त्रक्रियेत छातीच्या मधले हाड कापून हृदयापर्यंत पोहोचतात आणि शेवटी ते हाड पोलादी तारांनी बांधतात. जखम भरून येताना हृदय, त्याचे आवरण आणि हाडाची आतली बाजू एकमेकांना चिकटतात. दुसऱ्या वेळी हाड कापताना त्याच्या अगदी मागे हृदय किंवा मोठी रक्तवाहिनी असू शकते. हीच दुसऱ्या शस्त्रक्रियेतली मुख्य जोखीम आहे.

या जोखमीवर शल्यविशारदांनी उपायही शोधले आहेत. छातीचा सीटी स्कॅन करून हाड आणि हृदय यांत किती अंतर आहे हे आधीच मोजले जाते. हाड कापण्यासाठी कंप पावणारी खास करवत वापरतात. आवश्यक वाटल्यास छाती उघडण्यापूर्वीच जांघेतील रक्तवाहिन्यांतून हृदय-फुप्फुस यंत्र जोडले जाते, म्हणजे ऐनवेळी रक्तस्राव झाला तरी रक्ताभिसरण चालू राहते. काही रुग्णांत जुना मार्ग टाळून उजव्या बरगड्यांमधून मायट्रल झडपेपर्यंत जाता येते. चिकटलेले भाग सोडवणे, जुनी झडप तिच्या टाक्यांसह काढणे आणि नाजूक झालेल्या कडेवर नवी झडप शिवणे यांत वेळ जातो. म्हणून ही शस्त्रक्रिया अधिक तास चालते, रक्त अधिक लागते आणि अतिदक्षता विभागातला मुक्कामही थोडा लांबू शकतो.

धोका किती, या प्रश्नाचे सर्वांना लागू पडणारे एकच उत्तर नाही. वय, मूत्रपिंडांची स्थिती, हृदयाची रक्त ढकलण्याची क्षमता, फुप्फुसांतील रक्तदाब, मधुमेह आणि जंतुसंसर्ग या गोष्टींवरून डॉक्टर प्रत्येक रुग्णाचा अंदाज बांधतात. यांपैकी वय बदलता येत नाही. परंतु शस्त्रक्रियेची वेळ आपल्या हातात असते. हृदयाचे स्नायू थकण्यापूर्वी, मूत्रपिंडे शाबूत असताना आणि रुग्ण स्वतः चालत रुग्णालयात जाऊ शकत असताना केलेली शस्त्रक्रिया, आणि श्वास कोंडलेल्या अवस्थेत रुग्णवाहिकेतून आणल्यावर केलेली शस्त्रक्रिया, यांच्या धोक्यात फार मोठी तफावत असते. 'होईल तितके दिवस ढकलू' हा विचार म्हणूनच घातक ठरतो. ढकललेला प्रत्येक महिना हृदयाच्या शक्तीतून वजा होत असतो.

छाती न उघडता झडप

एप्रिल २००२ मध्ये फ्रान्समधील रुआँ येथे डॉ. अलँ क्रिबिए यांनी रक्तवाहिनीतून नळी नेऊन, छाती न उघडता, महाधमनीची झडप प्रथमच बसवली. आज ही पद्धत जगभर रूढ झाली आहे. भारतातही तिचा वापर होतो आणि अशा झडपा आपल्या देशातही तयार होतात. याच पद्धतीने खराब झालेल्या जैविक झडपेच्या आतच नवी झडप उघडून बसवता येते. वृद्ध किंवा अन्य आजारांनी ग्रस्त रुग्णांसाठी हा मोठाच दिलासा आहे.

परंतु हा मार्ग सर्वांसाठी नाही. जुनी झडप यांत्रिक असेल, तर तिच्या आत दुसरी बसवता येत नाही. जुनी झडप आकाराने लहान असेल, तर आतली नवी झडप आणखी अरुंद होते. काही वेळा हृदयाच्या स्नायूंना रक्त पुरवणाऱ्या धमन्यांचे मुख झाकले जाण्याची भीती असते. जंतुसंसर्ग असल्यास सहसा संसर्गाचा भाग काढून टाकणेच भाग पडते. म्हणून केवळ वर्तमानपत्रात वाचून हट्ट धरू नये. त्याचप्रमाणे, विचारण्याचा संकोचही करू नये. पहिली झडप निवडतानाच 'ही खराब झाली तर पुढचा मार्ग कोणता?' असा विचार करण्याचा प्रघात आता पडला आहे.

ही लक्षणे दुर्लक्षू नयेत

कृत्रिम झडप असलेल्या व्यक्तीने पुढील बाबतींत विलंब न लावता डॉक्टरांना भेटावे.

जिना चढताना किंवा रात्री आडवे झाल्यावर पूर्वी न लागणारा दम लागणे, पायांवर सूज येणे, छातीत धडधड वा घेरी.

कारण न कळणारा, दोन-तीन दिवसांहून अधिक टिकणारा ताप. अशा वेळी औषधाच्या दुकानातून परस्पर प्रतिजैविके आणून घेऊ नयेत. आधी रक्तातील जंतूंची तपासणी व्हावी लागते. अर्धवट औषधामुळे जंतू लपतात आणि निदान हुकते.

यांत्रिक झडपेचा नेहमीचा टिकटिक आवाज मंद होणे किंवा ऐकू न येणे. घड्याळासारखा हा आवाज अनेकांना रात्रीच्या शांततेत ऐकू येतो. तो बदलला, तर ती धोक्याची सूचना समजावी.

बोलताना अडखळणे, तोंड वाकडे होणे, हातापायाची शक्ती जाणे. येथे एक मिनिटही दवडू नये.

थकवा, फिकटपणा आणि गडद रंगाची लघवी. झडपेच्या कडेने होणाऱ्या गळतीमुळे रक्तपेशी फुटत असल्याचे हे चिन्ह असू शकते.

कोणतेही लक्षण नसले, तरीही डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतराने इकोकार्डिओग्राफी करून घ्यावी. जैविक झडप जुनी होत चालली, की ही तपासणी दरवर्षी होणे इष्ट असते. लक्षणे दिसण्यापूर्वी बिघाड कळला, तरच ठरवून शस्त्रक्रिया करण्याची संधी मिळते.

शस्त्रक्रियेची पूर्वतयारी

पहिले काम कागदपत्रांचे. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला झडपेची माहिती असलेले एक कार्ड मिळते. झडप कोणत्या कंपनीची, कोणत्या प्रकारची, किती मापाची, कोणत्या तारखेला बसवली, हे सारे त्यावर असते. या कार्डाच्या आणि जुन्या शस्त्रक्रियेच्या अहवालाच्या दोन-तीन प्रती काढून ठेवाव्यात. आत नवी झडप बसेल की नाही, हे जुन्या झडपेच्या मापावरच ठरते. कार्ड बँकेच्या लॉकरमध्ये न ठेवता घरात हाताशी ठेवावे. रात्री दोन वाजता लॉकर उघडत नाही.

दुसरे काम दातांचे. किडलेल्या दातांतून आणि सुजलेल्या हिरड्यांतून जंतू रक्तात शिरतात. शस्त्रक्रियेपूर्वी दंतवैद्याकडून तपासणी करून घ्यावी आणि कृत्रिम झडप असल्याचे त्यांना आवर्जून सांगावे, म्हणजे ते दात काढण्यासारख्या उपचारांआधी प्रतिजैविक देतील.

रक्त पातळ करणारी गोळी कधी बंद करायची आणि तिच्या जागी कोणते इंजेक्शन घ्यायचे, हे डॉक्टरच ठरवतात. शेजाऱ्याच्या अनुभवावरून ती एक दिवसही बंद करू नये. तंबाखू आणि धूम्रपान पूर्णपणे सोडावे. मधुमेह नियंत्रणात आणावा, रक्तक्षय असल्यास त्यावर उपचार घ्यावेत आणि श्वसनाचे व्यायाम आधीच शिकून घ्यावेत.

शल्यविशारदांना भेटताना प्रश्न लिहून न्यावेत. माझी झडप नेमकी का बिघडली? आता न करता सहा महिने थांबलो तर काय होईल? नळीद्वारे झडप बसवणे माझ्या बाबतीत शक्य आहे का, नसल्यास का नाही? या वेळी कोणती झडप आणि तिच्यासोबत कोणत्या अटी? अन्य झडपांची स्थिती कशी आहे? आपल्या रुग्णालयात अशा पुन्हा करावयाच्या शस्त्रक्रिया नियमित होतात का? शेवटचा प्रश्न विचारण्यात अवमान काहीच नाही. या शस्त्रक्रियेत अनुभवाला फार मोल आहे. दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेणेही रास्तच.

खर्च आणि बँकेची कामे

आजारपण अचानक येते, असे आपण म्हणतो. पण जैविक झडपेच्या बाबतीत पुढच्या खर्चाची साधारण वेळ आपल्याला आधीच माहीत असते. चाळिसाव्या वर्षी अशी झडप बसवलेल्या व्यक्तीने पन्नाशीनंतरच्या या खर्चासाठी स्वतंत्र आवर्त ठेव किंवा मुदत ठेव सुरू करणे, यात दूरदृष्टी आहे. मुलीच्या शिक्षणासाठी जशी आपण तरतूद करतो, तशीच ही.

आरोग्य विमा घेताना पहिली शस्त्रक्रिया कधीही लपवू नये. लपवलेली माहिती ऐन दाव्याच्या वेळी उघड होते आणि दावा फेटाळला जातो. विमा नियामकाच्या २०२४ च्या नियमांनुसार आधीपासूनच्या आजारासाठी प्रतीक्षाकाल ३६ महिन्यांहून अधिक ठेवता येत नाही. म्हणजे आज घेतलेली पॉलिसी तीन वर्षांनी उपयोगी पडेल; शस्त्रक्रियेची तारीख ठरल्यावर धावाधाव करून घेतलेली पडणार नाही. गंभीर आजाराच्या पॉलिसींबाबत एक सूक्ष्म अट ध्यानात घ्यावी. त्यांच्या प्रमाणित व्याख्येत छाती उघडून केलेली झडपेची शस्त्रक्रिया येते, पण नळीद्वारे केलेले उपचार वगळलेले असतात. पॉलिसीतील शब्द वाचूनच अपेक्षा ठेवावी.

आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबांना वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात, आणि ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे वा अधिक वयाच्या सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न ठेवता, तिचा लाभ खुला झाला आहे. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. हृदयशस्त्रक्रियेसाठी पंतप्रधान राष्ट्रीय सहायता निधीकडेही अर्ज करता येतो. आपले रुग्णालय संबंधित योजनेत समाविष्ट आहे का, याची चौकशी दाखल होण्यापूर्वी करावी.

रुग्णालयात जाण्यापूर्वी बँकेतली काही छोटी कामे उरकून घ्यावीत. एकट्याच्या नावावरील खात्यात पैसे असूनही कुटुंबाला ते काढता येत नाहीत, हा अनुभव शाखेत बसणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याने पाहिलेला असतो. जोडीदारासह संयुक्त खाते असावे आणि 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असणारा' अशी व्यवहाराची सूचना दिलेली असावी. नामांकन केले आहे ना, ते तपासावे. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेव खात्यांना चार जणांपर्यंत नामांकन करता येते. आजारपणामुळे सही करणे शक्य नसलेल्या खातेदाराचा अंगठ्याचा ठसा दोन स्वतंत्र साक्षीदारांसमक्ष, ज्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असतो, घेऊन पैसे देण्याची तरतूद रिझर्व्ह बँकेने केलेली आहे. कर्मचारी बंधुभगिनींनी अशा वेळी नियम समजावून सांगितला आणि गरज पडल्यास रुग्णशय्येपर्यंत जाण्याची तत्परता दाखवली, तर त्या कुटुंबाला केवढा आधार वाटेल!

मनाची तयारी

पहिल्या वेळी रुग्ण अज्ञातात पाऊल टाकत असतो. दुसऱ्या वेळी त्याला सगळे ठाऊक असते. शुद्धीवर येताना घशात असलेली नळी, खोकताना छातीत उठणारी कळ, कुशीवर वळता न येणाऱ्या रात्री हे सारे आठवते आणि म्हणून भीती अधिक वाटते. शिवाय परिस्थितीही बदललेली असते. पहिल्या वेळी संमतिपत्रावर आईवडिलांनी सही केली होती. आता ते वृद्ध झालेले असतात किंवा नसतातही, आणि सही करायला मुलगा उभा असतो. 'मला काही झाले तर यांचे कसे' हा विचार पहिल्यापेक्षा दुसऱ्या वेळी जड असतो.

ही भीती दुबळेपणाची खूण नाही. ती बोलून दाखवावी, डॉक्टरांपाशी आणि घरातल्यांपाशीही. 'काही होत नाही, घाबरू नकोस' असे म्हणून विषय संपवण्यापेक्षा कुटुंबीयांनी शांतपणे ऐकून घ्यावे. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे मन उदास राहणे, झोप न लागणे, लहानसहान गोष्टींवरून रडू येणे हेही अनेकांच्या वाट्याला येते. बहुतेकांचे ते ओसरते, न ओसरल्यास त्यावर उपचार आहेत. छातीचे हाड जुळायला सुमारे दोन ते तीन महिने लागतात. तोवर जड वजन उचलू नये, दुचाकी चालवू नये आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली चालण्याचा व्यायाम हळूहळू वाढवावा. बैठे काम करणारे बहुतेक रुग्ण साधारण याच अवधीत कामावर परततात.

दुसऱ्या वेळी रुग्णाकडे एक गोष्ट मात्र पहिल्यापेक्षा जास्त असते. एकदा यातून पार पडल्याचा त्याला स्वतःचा अनुभव असतो. पहिल्या झडपेने त्याला दहा, पंधरा, वीस वर्षे दिली. त्या वर्षांत त्याने नोकरी केली, घर बांधले, मुलांना मोठे केले. ही वर्षे ज्या निर्णयामुळे मिळाली, तोच निर्णय आता पुन्हा घ्यावयाचा आहे, आणि या वेळी पूर्ण माहितीनिशी. ज्यांच्या घरी असा निर्णय समोर उभा आहे, त्यांनी पुढची तपासणीची तारीख आजच दिनदर्शिकेवर लिहावी, झडपेचे कार्ड शोधून काढावे आणि डॉक्टरांना विचारायचा पहिला प्रश्न कागदावर उतरवावा.